रंध्याचे रुंद पाते

पात्यावर निळा रंग चढला की सुताराच्या पोटात गोळा येतो. १९६४ सालच्या पावसाळ्यात तो रंग मी माझ्या हाताने चढवला. तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. बेळगावच्या शहापुरात आमचे दुकान होते आणि दुकानात आप्पांनी कॅम्पातल्या एका लिलावातून आणलेला आठ नंबरचा लोखंडी रंधा होता. लांबी दोन फूट, आणि पाते २⅝ इंच रुंद. टेबलाच्या दोन फळ्या कडेला कड लावून जोडायच्या असल्या की हा रंधा बाहेर निघे. एरवी तो तेलाच्या फडक्यात गुंडाळून पेटीत असे आणि त्याला हात लावायची आम्हा पोरांना परवानगी नव्हती.

शेजारी वेल्डिंगचे दुकान होते. तिथे नुकतेच विजेवरचे ग्राइंडर आले होते. आप्पा मालाच्या खरेदीला खानापूरला गेलेले पाहून मी ते पाते काढले आणि आल्यावर त्यांना चकित करावे म्हणून शेजारी नेऊन चाकावर धरले. ठिणग्या छान उडत होत्या. पाते पाण्यात बुडवायचे मला सुचलेच नाही. आधी कडेच्या कोपऱ्यावर गव्हाळ छटा आली, मग तपकिरी, जांभळी, आणि डोळ्यांदेखत मोरपिशी निळा रंग अर्ध्या धारेवर पसरला. मला तर तो सुंदरच वाटला होता!

संध्याकाळी आप्पांनी पाते उजेडाकडे धरले. आवाज न चढवता म्हणाले, “पाणी गेलं रे ह्याचं.”

पोलादाला पाणी देणे म्हणजे काय, हे त्या दिवशी मला कळले. तापवून पाण्यात वा तेलात विझवलेले पोलाद काचेसारखे कडक पण ठिसूळ होते. ते पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा काढावा लागतो. साध्या कार्बनी पोलादावर सुमारे २३० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा रंग दिसतो, तीनशेच्या आसपास निळा. रंध्याच्या पात्याला पिवळ्याच्या जवळपास थांबायचे असते. निळे झालेले पाते स्प्रिंगेला चालेल, लाकडाला नाही. त्याची धार दहा हात मारताच बसते. पुन्हा पाणी देण्याची सोय नसेल तर उपाय एकच, निळा भाग घासून काढून टाकायचा. आम्ही दोन दिवस हाताने फिरवायच्या साणेवर जवळजवळ आठवा हिस्सा इंच पोलाद उतरवले. मूठ मी फिरवत होतो, पाते आप्पा धरत होते आणि आमच्याकडचा कारागीर, जो बैलहोंगलकडचा होता आणि आप्पांशी कन्नडात व माझ्याशी मोडक्या मराठीत बोलायचा, चाकावर पाण्याची धार सोडत होता.

मूठ फिरवता फिरवता माझे लक्ष आप्पांच्या हातांकडे गेले. कोपर बरगडीला टेकलेले, मनगट जणू खिळा ठोकून बसवलेले, आणि सगळे शरीर कमरेतून डावीउजवीकडे हलत होते. पुढे मी शाळेच्या वर्कशॉपात पंचवीस वर्षे मुलांना सुतारकाम शिकवले. त्या काळात मिळतील ती पुस्तके आणि जुनी कॅटलॉगे चाळताना मला सारखे ते मनगट आठवे. रंध्याच्या धारेचा इतिहास मला तरी असाच दिसतो. दोन हजार वर्षे कोन माणसाच्या मनगटात होता. गेल्या दीडशे वर्षांत तो मनगटातून निघून एका लहानशा लोखंडी साधनात गेला. हे का झाले, याचे उत्तर मला पात्याच्या रुंदीत आणि जाडीत सापडले.

रुंदीचे आधी पाहू, कारण तिचा हिशेब सोपा आहे. अर्ध्या इंचाची पटाशी धारेला लावताना हात एक अंशाने तिरका गेला तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फरक पडतो सुमारे ०.२ मिलिमीटर. पटाशी तेवढे खपवून घेते. तोच एक अंश २⅝ इंची पात्यावर चुकला तर फरक १.१ मिलिमीटरच्या वर जातो. रंध्याच्या बुडातून पाते बाहेर डोकावते ते कागदाच्या जाडीइतके. तिथे एक मिलिमीटरचा तिरकेपणा म्हणजे पात्याचा एक कोपरा लाकडात रुतणार आणि दुसरा हवेत राहणार. लोखंडी रंध्याला पाते सरळ करायची बाजूची दांडी असते, पण तिलाही मर्यादा आहे. शिवाय फळ्यांच्या कडा जोडणारा लांब रंधा खोटे बोलू देत नाही. सांध्यात उजेड दिसला की गिऱ्हाइकालाही कळते.

रंधा हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. वस्तू मात्र त्याहून फार जुनी. इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत रोमन रंधे सापडले आहेत. इंग्लंडात सिल्चेस्टर येथील उत्खननातही सापडले. यॉर्कशायरमधील गुडमनहॅमजवळ २००० साली मिळालेल्या एका रोमन रंध्याचे तर खोड चक्क हस्तिदंताचे आहे! या रंध्यांचे बूड लोखंडी पत्र्याचे आहे, आणि पाते तिरके बसवून पाचरीने आवळायची त्यांची रीत आमच्या दुकानातल्या लाकडी रंध्यात जशीच्या तशी होती. रोमन सुतार आमच्या दुकानात आला असता तर भाषेची अडचण पडली असती, पण तीही पडायची आम्हाला सवय होती. कन्नड कोशांत रंध्याला ‘कीसुळी’ असा शब्द आहे आणि तो कानावर पडला की मला हटकून घरातली किसणी आठवते.

धारेच्या साधनात पहिला मोठा बदल झाला तो चाकाचा. नवव्या शतकातल्या ‘उट्रेख्ट साल्टर’ नावाच्या सचित्र धर्मग्रंथात मूठ फिरवून चालवायच्या गोल साणेवर तलवारीला धार लावणारी माणसे रेखाटली आहेत. अशा साणेचे हे सर्वांत जुने ज्ञात चित्र मानतात. एक जण फिरवतो, एक जण धरतो. अकराशे वर्षांनंतर शहापुरात आम्ही बापलेक नेमके तेच करत होतो.

आपल्या बाजूला साणेची वेगळी तऱ्हा होती. युरोपात वाळूच्या दगडाचे अखंड चाक कापून काढत. आपल्याकडचे शिकलगार कुरुंदाची पूड वितळलेल्या लाखेत कालवून तिचे चाक ओतत. ‘सैकल’ म्हणजे जिल्हई, ती करणारा तो सैकलगर, आणि त्याचा आपण शिकलगार केला. कुरुंद हा हिऱ्याखालोखाल कठीण दगड. दगडाची पूड चिकट द्रव्यात बांधून चाक करायचे हीच कल्पना पुढे साऱ्या जगाच्या ग्राइंडिंग चाकांमागे आली. शब्दही तिकडे गेला. तमिळ ‘कुरुंदम’, संस्कृत ‘कुरुविंद’, त्यावरून इंग्रजीत ‘कोरंडम’. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांना विजेच्या भट्टीत चिकणमाती आणि कोळशासारख्या पदार्थांपासून नवे कठीण स्फटिक मिळाले. ते कार्बन आणि कोरंडम यांच्या संयोगातून झाले असावेत अशा समजुतीने त्यांनी नाव दिले ‘कार्बोरंडम’. समजूत चुकीची होती, कारण तो पदार्थ सिलिकॉन कार्बाइड होता. नाव मात्र टिकले. म्हणजे शहापुरातला सुतार ‘कारबोरंडमचा दगड आण रे’ म्हणून पोराला बाजारात धाडतो तेव्हा आपलाच कुरुंद अमेरिकेला जाऊन परत आलेला असतो. मुंबईजवळ उरणच्या मोरा येथे १९४१ मध्ये ग्राइंडवेलने चाके बनवायला सुरुवात केली आणि १९५४ मध्ये मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल निघाली. १९६४ साली मी पाते जाळले ते बहुधा अशाच एखाद्या देशी चाकावर. दोष चाकाचा नव्हता हे सांगायला नकोच.

चाक आले तरी कोन मनगटातच राहिला. लंडनच्या जोसेफ मॉक्सन यांनी १६७८ च्या सुमारास हप्त्याहप्त्याने ‘मेकॅनिक एक्सरसायझेस’ हे पुस्तक काढले. इंग्रजीत सुतारकामाची रीत पायरीपायरीने सांगणारे हे पहिल्या पुस्तकांपैकी एक. त्यात पाते आधी साणेवर आणि मग सपाट दगडावर कसे लावावे ते आहे. त्यांची मुख्य सूचना हातासंबंधीच आहे. घासताना हात वर उचलला जाऊ नये, खाली बुडू नये, नाहीतर उतार गोल होतो. हे वाचले तेव्हा मला हसू आले. आप्पांना इंग्रजी येत नव्हते आणि मॉक्सन कोण हे त्यांना ठाऊक असण्याचे कारणच नव्हते, पण मला ते तेच सांगत, फक्त अधिक कडक शब्दांत.

मग गोल उतार न करता जुने सुतार रुंद पाती कशी काय लावत? इथे जाडीचा मुद्दा येतो. लाकडी रंध्याचे पाते धारेपाशी जाड असे आणि मागे निमुळते होत जाई. आप्पांकडे वडिलार्जित लाकडी रंध्याचे एक पाते होते, धारेपाशी पाच मिलिमीटर. त्यावर ‘कास्ट स्टील’ अशी इंग्रजी अक्षरे उठवलेली होती. मुशीत वितळवलेल्या पोलादाची ती खूण. शेफिल्डजवळ बेंजामिन हंट्समन यांनी १७४० च्या दशकात ही रीत इंग्लंडात बसवली. (मुशीतले पोलाद दक्षिणेत त्याच्या कितीतरी आधीपासून होत होते, आणि आजच्या तेलंगणातल्या कोनसमुद्रमहून ते इराणपर्यंत जाई. हैदराबादच्या आपल्या मंडळींनी तो विषय कधी तरी हाती घ्यावा.) महाग पोलाद फक्त धारेपाशी, बाकी अंग मऊ लोखंडाचे, असे ते पाते. पंचवीस अंशांचा उतार काढला तर पाच मिलिमीटर जाडीवर उताराची रुंदी जवळजवळ १२ मिलिमीटर होते. एवढी पट्टी दगडावर ठेवली की ती आपोआप बसते. बोटाच्या टोकाला ‘बसली’ असे जाणवते आणि हात तोच कोन धरून चालतो. मनगटाला पात्याची जाडीच आधार देत होती.

हा आधार १८६७ च्या आसपास गेला. अमेरिकेतल्या बॉस्टनचे लेनर्ड बेली यांनी १८५८ पासून लोखंडी रंध्याची एकेक पेटंटे घेतली. चक्राने पाते खालीवर करणे, दट्ट्याने आवळणे, आणि जाड पात्याऐवजी सबंध पोलादी पातळ पाते, जे वरच्या टोपीच्या दाबाने थरथरत नाही. १८६९ मध्ये स्टॅन्लीने त्यांचा धंदा विकत घेतला आणि हा रंधा जगभर गेला. पाते आता दोन मिलिमीटरच्या आसपास. पोलाद कमी, घासायला कमी, किंमत कमी. सगळे खरे. पण दोन मिलिमीटरवर पंचवीस अंशांचा उतार किती येतो? पाच मिलिमीटरही नाही. ही अरुंद पट्टी रुंद पात्याच्या टोकाशी दगडावर बसतच नाही, डुलते. पाते रुंद, उतार अरुंद, म्हणजे चूक दाखवायला जागा भरपूर आणि चूक टाळायला आधार थोडा. जिगची गरज इथेच उत्पन्न झाली असे माझे मत आहे. पाते चिमटून ठराविक कोनात धरणारे आणि खाली चाकावर पळणारे साधन ते जिग. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्टॅन्लीनेच पात्यांना धार लावायला असे एक साधन विकायला काढले होते. ज्यांनी आधार काढून घेतला त्यांनीच तो वेगळा विकला, असे म्हणायचा मोह होतो. पण आठ नंबरचा रंधा मीही आयुष्यभर प्रेमाने वापरला आहे, तेव्हा फार बोलत नाही.

उलट बाजूचे उदाहरण जपानचे. तिथला ‘कन्ना’ म्हणजे रंधा ओढून चालवतात. त्याचे नेहमीचे पाते ७० मिलिमीटर रुंद, म्हणजे आमच्या आठ नंबरहून रुंद. तरी तिथला परंपरेतला कारागीर ते नुसत्या हाताने लावतो आणि केसाच्या जाडीच्या दशांशाइतका पातळ छिलका काढून दाखवतो. कारण पाते जाड आहे. मऊ लोखंडावर कडक पोलादाचा थर, आणि पाठीला मुद्दाम ठेवलेली खोलगट जागा. उतार रुंद, तो दगडावर बसतो.

मी जिग पहिल्यांदा हातात घेतला तो १९७९ मध्ये, पुण्याच्या जुन्या बाजारात. शेफिल्डचा ‘एक्लिप्स’, ३६ नंबरचा. दोन जबडे, आडवा स्क्रू, आणि मध्ये एक बारीक चाक. रंध्याचे पाते जबड्यांच्या पुढे ३८ मिलिमीटर काढले की तीस अंश, ५० मिलिमीटर काढले की पंचवीस. अक्षरशः एवढेच. आठ नंबरचे पाते त्यात जेमतेम मावले. मी ते घेऊन दुकानात आलो आणि विजयी मुद्रेने आप्पांपुढे ठेवले. पंधरा वर्षांपूर्वीचा निळा रंग माझ्या मनातून गेला नव्हता, हे उघड आहे.

आप्पांनी ते उलटेपालटे करून पाहिले, पाते लावले, तेल टाकले आणि चार हात मारले. मग थांबले. “दगड दोन इंच, पातं दोनाच्या वर. कडा कोण लावणार?”

माझ्या हे ध्यानातच आले नव्हते. आपल्या बाजारात मिळणारा धारेचा दगड दोन इंच रुंदीचा. हाताने लावताना सुतार पाते दगडावर तिरपे धरतो आणि सगळी धार दगडावर घेतो. जिगमध्ये पाते सरळच राहायला हवे, तेव्हा दोन्ही बाजूंना मिळून पाच अष्टमांश इंच धार हवेत. एका बाजूला सरकवावे तर जिगचे बारीक चाक दगडाच्या मधोमध फिरून तिथेच खाच पाडते, आणि आठवड्याभरात दगड पन्हळीसारखा होतो. पन्हळीवर लावलेली धार फुगीर येणार. साधन शेफिल्डचे, रंधा अमेरिकेचा, दगड मद्रासचा, आणि तिघांची गाठ शहापुरात पडल्यावर अडचण आमची!

तोड आप्पांनीच काढली. एका फुटलेल्या शोकेसची जाड काच होती. तिच्यावर पुढच्या अर्ध्या भागात बारीक वॉटर पेपर पाण्याने चिकटवला. पाते कागदावर आणि जिगचे चाक मागच्या मोकळ्या काचेवर. काच सपाट, रुंदी हवी तेवढी, चाकाने खाच पडायची नाही. धारेवर बारीक तार आली की पाते काढून पाठ कागदावर सपाट टेकवून एकदोनदा ओढायचे. कोपरे लाकडावर रेषा उमटवू नयेत म्हणून शेवटी बोटाचा दाब आळीपाळीने दोन्ही टोकांवर द्यायचा. जिगचे चाक बारीक असल्यामुळे ते तेवढे डुलू देते. हे मात्र पुन्हा हाताचेच काम, आणि आप्पा ते जिगवर पहिल्याच दिवशी करू लागले. मला महिना लागला.

विजेच्या ग्राइंडरचे भांडण मिटायला आणखी वेळ गेला. सहा इंची चाक मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेते आणि ते असते पाऊण इंच रुंद. रुंद पाते त्याच्यापुढून डावीउजवीकडे सरकवावेच लागते, आणि टोकाला हात वळताना क्षणभर थांबतो. कोपऱ्याला उष्णता पसरायला पोलाद नसते, म्हणून जळते ते नेहमी कोपऱ्यापासून. १९६४ साली मी हेच केले होते. पात्याला काटकोनात चिमटून आडव्या खाचेतून सरकणारा जिग टेकणीवर बसवला की हात अडखळत नाही, कोन बदलत नाही, आणि पाण्याची बादली जवळ ठेवून दर एकदोन फेऱ्यांना बुडवायचे एवढेच भान राहते. चाकाच्या गोलाईने उतारात अर्ध्या केसाएवढी खोलगट जागा पडते. मग दगडावर पाते धार आणि टाच अशा दोन रेषांवर टेकते. जाड पात्याचा गेलेला आधार थोडाफार परत मिळतो तो असा.

१९७३ मध्ये स्वीडनमध्ये टॉर्गनी यान्सन यांनी सुरू केलेल्या टॉर्मेक कंपनीने तर चाक पुन्हा पाण्यात घातले. २५० मिलिमीटरचे मोठे चाक, मिनिटाला फक्त ९० फेरे, आणि त्यावर जिग. ७७ मिलिमीटरपर्यंतचे पाते त्यात बसते, आणि जळायचा प्रश्नच नाही. नवव्या शतकाच्या चित्रातल्या दोन माणसांपैकी मूठ फिरवणाऱ्याची जागा मोटारीने घेतली आणि धरणाऱ्याची जिगने. ओल्या चाकाचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे. शेफिल्डमध्ये एकोणिसाव्या शतकात वाळूच्या दगडाच्या चाकांवर, विशेषतः कोरडे काम करणारे कामगार फुफ्फुसात धूळ जाऊन ऐन उमेदीत मरत. तिथे त्या दुखण्याला नावच होते धारवाल्यांचा दमा. आमच्या कारागिराने दोन दिवस चाकावर पाणी धरले ते पात्यासाठी, पण फायदा आम्हा तिघांच्याही छातीला झाला.

वर्कशॉपात मी मुलांना आधी जिग देत असे आणि हाताने लावायला नंतर. काही सहकाऱ्यांना हे उलटे वाटे. पण तासाला चाळीस मुले आणि पाती वीस. धारदार पाते म्हणजे काय हे ज्याने एकदाही अनुभवलेले नाही, त्याच्या मनगटाला काय शिकवणार? जिगने लावलेल्या पात्याचा पहिला अखंड छिलका सागवानावरून फितीसारखा उठला की पोराचा चेहरा बदले. त्यातली तीनचार मुले पुढे आपणहून जिग बाजूला ठेवत. बाकीची ठेवत नसत, आणि त्यांच्या फळ्याही नीट जुळत.

जिगमध्ये पाते ३८ वर की ५० वर हे दर वेळी पट्टीने मोजायचा आप्पांना कंटाळा. त्यांनी सागवानाच्या एका तुकड्यावर दोन ठोकळे ठोकले. जिग फळीच्या कडेला टेकवायचा, पाते ठोकळ्याला लागेपर्यंत पुढे सारायचे आणि स्क्रू आवळायचा. ठोकळ्यांवर आकडे कारागिराने घातले, कारण ती फळी सर्वांत जास्त तोच वापरणार होता. ते कन्नड आकड्यांत आहेत. आप्पा १९९१ मध्ये गेले, कारागीर त्याआधीच गावी परतला होता. आठ नंबरचे पाते आता घासून घासून टोपीच्या स्क्रूच्या खाचेपर्यंत आले आहे. फळी अजून खिळ्याला टांगलेली आहे, आणि माझ्या नातवाला ते आकडे वाचता येतात, कारण शाळेत त्याला कन्नड आहे. मला अजूनही बोट ठेवून आठवावे लागते, कुठला अडतीसचा आणि कुठला पन्नासचा.